सुरी चमकते म्हणून कापते का? आजीच्या काळ्या विळीपासून जपानी सुरीपर्यंत ‘फिनिश’चं गणित

इन्स्टाग्रामवर स्वयंपाकाची चार-पाच रील्स शेवटपर्यंत बघितली की पुढच्या स्क्रोलला एक सुरी हमखास येते. पातं काळंकुट्ट, त्यावर हातोडीचे ठोके उमटलेले, फक्त धारेची एक बारीक पट्टी चांदीसारखी चमकणारी. टोमॅटोला नुसता स्पर्श होतो आणि कागदाएवढी पातळ चकती बाजूला पडते. खाली कमेंट्समध्ये ‘लिंक द्या’, ‘प्राइस प्लीज’. लिंक उघडली की कळतं, सुरी जपानी पद्धतीची आहे आणि किंमत काही हजारांत.

गंमत अशी की साधारण याच रंगाचं पातं आपल्यातल्या अनेकांच्या घरी माळ्यावर पडलेलं असतं. आजीची विळी. ती काळी पडली, पाहुण्यांसमोर काढायला बरी दिसत नाही, म्हणून तिच्या जागी चकचकीत स्टीलची घडीची विळी नाहीतर रंगीत मुठीची सुरी आली. काही घरांतून तर ती भंगारवाल्याच्या काट्यावरही गेली.

म्हणजे एकाच काळ्या रंगाला एका ठिकाणी हजारो रुपये मिळतात आणि दुसऱ्या ठिकाणी तो किलोच्या भावाने जातो. पात्याचा रंग, चमक, खडबडीतपणा, म्हणजे बाजारात ज्याला ‘फिनिश’ म्हणतात, त्याचा कापण्याशी खरंच काही संबंध आहे का?

आहे. पण रील्समध्ये दाखवतात तो नाही.

कापतं कोण?

सुरी किंवा विळी समोर आली की आपल्याला दिसतं ते पात्याचं अंग, म्हणजे दोन्ही बाजूंचा रुंद भाग. भाजी कापण्याचं काम तो करत नाही. ते काम धारेचं. चांगली लावलेली धार टोकाशी एखाद्या मायक्रॉनच्या आसपास, कधी त्याहूनही पातळ असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला तर अंदाज येईल. अशी धार डोळ्यांना दिसतच नाही. पातं उजेडाकडे धरून धारेच्या टोकाकडे सरळ बघितलं आणि तिथे पांढरी रेघ चमकली, तर ती धार नाही, बोथट झालेली कड आहे. उजेड परत फिरवायला तिला जागा मिळाली म्हणून ती चमकते. सुतार रंध्याचं पातं डोळ्यासमोर धरून बघतात ते याचसाठी.

तर ‘फिनिश’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. एक अंगाचं फिनिश: पातं काळं ठेवलंय की पांढरं केलंय, आरशासारखं आहे की ठोके मारलेलं. दुसरं धारेचं फिनिश: धार लावताना शेवटचा दगड किती बारीक वापरलाय. जाहिरात पहिल्याची होते. टोमॅटो कापला जातो तो दुसऱ्यामुळे.

पहिलं निव्वळ शोभेचं असतं असंही नाही. धार भाजीत शिरली की लगेच अंगाचा संबंध सुरू होतो. भाजी पात्याला घासत जाते, चिकटते, काळी पडते. पातं गंजतं किंवा गंजत नाही. हे सगळं अंगावर ठरतं.

काळा रंग येतो कुठून?

लोखंड भट्टीत लाल होईपर्यंत तापलं की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो आणि वर काळसर करड्या ऑक्साइडचा थर धरतो. ऐरणीवर घण बसला की त्यातले काही पापुद्रे उडून पडतात, बाकीचा थर पात्याला चिकटून राहतो. लोहाराने पुढे घासून पातं पांढरं केलं नाही तर तो तसाच कायम राहतो. जपानीत याला ‘कुरोउची’ म्हणतात. काळं ठेवलेलं, ठोकून घडवलेलं, असा त्याचा साधारण अर्थ.

जपानच्या शिकोकू बेटावर तोसा नावाचा जुना प्रांत होता. आज त्याला कोची म्हणतात (केरळातलं कोची नव्हे). तिथले लोहार शेती आणि जंगलकामाची हत्यारं घडवण्यासाठी ओळखले जातात. विळे, कुऱ्हाडी, कोयत्यासारखी पाती. रानात वापरायचं हत्यार आरशासारखं चमकवण्यात कोण वेळ घालवणार? धार तेवढी घासायची, बाकी पातं भट्टीतून आलं तसं ठेवायचं. भाजी कापायच्या चौकोनी सुरीलाही, म्हणजे ‘नाकिरी’लाही, तोच न्याय. आज इन्स्टाग्रामवर जे लक्झरी म्हणून विकलं जातं, ती मुळात मेहनत आणि पैसा वाचवण्याची सोय होती.

आता ऊसतोडीचा कोयता आठवा. अंग काळं, धारेची पट्टी पांढरी. तोच प्रकार, फक्त त्याला कुणी भारी नाव दिलं नाही. आपल्याकडचे लोहार कोयते आणि विळीची पाती घडवायला ट्रकच्या कमानीचे जुने पाटे सर्रास वापरतात. कारण ते पोलाद चिवट असतं आणि पाणी दिल्यावर कडक होतं. ‘पाणी देणं’ म्हणजे लाल तापलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवून झटकन थंड करणं, आणि मग ते काचेसारखं ठिसूळ राहू नये म्हणून पुन्हा बेताने तापवणं. धार किती दिवस टिकणार हे बरंचसं इथे ठरतं. पाणी नीट बसलं नसेल तर वरून सोन्याचा मुलामा दिला तरी पातं चार दिवसांत बोथट होणार.

मग काळ्या थराचा उपयोग काय? थोडं संरक्षण. थर शाबूत असेल तिथे ओलावा लोखंडापर्यंत उशिरा पोचतो आणि लाल गंज सावकाश धरतो. पण थर उडालेल्या जागी गंज येतो, आणि धारेवर तर येतोच, कारण धार लावताना तिथला थर निघून गेलेला असतो. ‘काळी सुरी गंजत नाही’ असं कुणी सांगत असेल तर ते अर्धंच खरं आहे. शिवाय थर फार खडबडीत असला तर सुरण किंवा लाल भोपळ्यासारख्या घट्ट भाजीत पातं किंचित अडतं.

बटाटा चिकटतो त्याचं काय?

बटाट्याचे काप करताना प्रत्येक चकती सुरीला चिकटते आणि बोटाने काढावी लागते. इथे मात्र अंगाच्या फिनिशचा थेट संबंध आहे, आणि तोही उलटा. कापल्यावर बटाट्यातून पाणी आणि स्टार्च बाहेर येतं. त्याचा पातळ थर चकती आणि पातं यांच्यामध्ये बसतो आणि हवा आत शिरायला जागा राहत नाही. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सहज सुटत नाहीत, तसंच हे. पातं जितकं सपाट आणि गुळगुळीत, तितकी ही पकड पक्की. म्हणजे आरशासारखी चकाकणारी सुरी बटाट्याच्या बाबतीत बहुतेक वेळा मागे पडते.

यावर उपाय म्हणून ठोके मारलेली पाती विकली जातात. जपानीत त्याला ‘त्सुचिमे’ म्हणतात. आणखी एक प्रकार म्हणजे ‘नाशिजी’, तिथल्या नाशपतीच्या सालीसारखं बारीक खरखरीत अंग. कल्पना अशी की खळग्यांत हवा राहते आणि चकती सुटते. कल्पना चुकीची नाही, पण तिचा गवगवा जास्त आहे. हे खळगे उथळ असतात आणि बऱ्याच सुऱ्यांवर धारेपासून बरेच वर असतात. काकडीची चकती किंवा छोटा बटाटा तिथपर्यंत पोचतच नाही. चकती सुटण्यासाठी जास्त कामी येतो तो पात्याचा आकार. अंग पूर्ण सपाट न ठेवता किंचित फुगीर घासलेलं असेल तर चकतीला टेकायला जागाच कमी मिळते. हे फोटोत दिसत नाही, म्हणून ते कुणी विकतही नाही.

विळीवर हा प्रश्न मुळातच वेगळा असतो. पातं पाटाला उभं बसवलेलं, पाय पाटावर, दोन्ही हात भाजीला. कापलेला तुकडा स्वतःच्या वजनाने खाली ताटात पडतो आणि चिकटलाच तर पुढचा तुकडा त्याला ढकलतो. पातं आतल्या बाजूला वळलेलं असल्यामुळे भाजी निसटून बाजूला जात नाही. गोव्यातली आदोळी आणि बंगालमधली बोंटी हीही याच घराण्यातली.

विळीची खरी अडचण दुसरीच आहे. हाताने घडवलेलं पातं धारेच्या मागे लगेच जाड होतं. म्हणून गाजर अर्धं कापलं जातं आणि उरलेलं ‘कट्’ आवाज करून तडकतं. पातं तिथे पाचरीसारखं काम करतं. कितीही पॉलिश करा, ते तडकणारच. धारेमागचा भाग घासून पातळ करणं हाच उपाय.

टोमॅटोची परीक्षा

आता दुसऱ्या, म्हणजे धारेच्या फिनिशकडे येऊ. सुरीच्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही इथेच.

धार लावायचा दगड किती बारीक हे त्याच्या आकड्यावरून कळतं. ४०० नंबर म्हणजे भरड, १००० म्हणजे मध्यम, ३००० बारीक, ८००० अगदी तलम. जपानी मोजणीत १००० नंबरच्या दगडातला कण साधारण १५ मायक्रॉनचा असतो, ८००० चा एक-दोन मायक्रॉनचा. दगडाचा प्रत्येक कण धारेवर एक ओरखडा सोडतो. भरड दगडावरून उठलेली धार सूक्ष्मदर्शकाखाली करवतीसारखी दिसते, तलम दगडावरची जवळजवळ सरळ रेघेसारखी.

मग तलम धार चांगली, नाही का? टोमॅटोला विचारा. टोमॅटोची साल गुळगुळीत आणि चिवट, आतला गर मऊ. अतिशय तलम केलेली धार थोडी जरी उतरली तरी सालीवरून घसरते, आपण दाब वाढवतो आणि टोमॅटो चेंगरतो. किंचित खरखरीत धारेचे बारीक दात सालीत पटकन शिरतात. सिमला मिरची, वांगं, मटण, सगळ्यांना हीच धार मानवते. ब्रेड कापायच्या सुरीला मोठे दात असतात त्यामागेही हेच तत्त्व आहे, फक्त ढोबळ प्रमाणात.

तलम धारेची जागा वेगळी. जपानमध्ये कच्च्या माशाचे काप करणारे आचारी ती वापरतात, कारण कापलेला पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत हवा असतो. आपल्याकडे तिचा फायदा कोथिंबीर, पुदिना, अळूची पानं चिरताना दिसतो. वरून सरळ दाबून कापायचं असेल तर सरळ धार बरी. बोथट किंवा फार भरड धारेने पानं कापली जाण्याऐवजी चुरडतात, कडेने काळी पडतात आणि फोडणीत जायच्या आधीच वास पाटावर सांडून जातो.

विळीवर आपण भाजी नुसती दाबत नाही, ढकलता ढकलता थोडी सरकवतोही. सरकवून कापण्याला दाते असलेली धार चांगली. त्यामुळे घरच्या विळीला किंवा सुरीला १००० नंबरच्या आसपासचा दगड पुरतो. ८००० वर घासून केस उडवून दाखवणारे व्हिडिओ बघायला छान असतात. रोजच्या कांदा-बटाट्याला त्याची गरज नाही.

‘धाऽऽर लावणार’ अशी हाक देत सायकलवर चाक फिरवणारा धारवाला काय करतो? तो भरड चाकावर कोरडी धार काढतो. म्हणूनच त्याने धार लावल्याच्या दिवशी टोमॅटो लोण्यासारखा कापला जातो, आणि आठवड्याने पुन्हा ये रे माझ्या मागल्या. चाकावरून उठलेल्या धारेच्या टोकाला तारेसारखी पातळ कड लोंबत राहते. ती सुरुवातीला कापते, मग वाकते आणि मोडते. धारवाल्याने नेल्यानंतर पाच मिनिटं बारीक दगडावर हलक्या हाताने फिरवलं तर ही तार निघून जाते आणि धार बरीच जास्त टिकते.

एक गोष्ट मात्र त्याच्यासमोर उभं राहून बघायला हवी. चाकावर जोर जास्त दिला की ठिणग्यांबरोबर धारही तापते. पोलाद तापत गेलं की त्यावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग निळा रंग येतो. निळा म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअस. साध्या लोखंडी पात्याच्या धारेवर निळसर पट्टा दिसला तर तिथलं ‘पाणी’ उतरलं. तेवढा भाग मऊ पडला आणि तो पूर्ण घासून काढेपर्यंत तिथे धार टिकणार नाही. पातं मध्ये मध्ये पाण्यात बुडवायला सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

धार नुसती कामाच्या वेगाचा प्रश्न नाही. बोथट पात्यावर जोर जास्त लागतो आणि जोर लावलेला हात निसटला की बोट सापडतं. डोळ्यांनाही त्रास होतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी कांदा कापतानाचं हाय-स्पीड कॅमेऱ्याने चित्रण केलं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की बोथट पातं कांद्याची साल फाटण्याआधी आतले थर दाबत जातं, आणि साल फाटली की रसाचे थेंब जास्त संख्येने आणि जास्त वेगाने उडतात. धारदार पात्याने सावकाश कापलं तर ते बरेच कमी उडतात. रडू आणणारं रसायन याच रसातून येतं. म्हणजे फ्रिजमध्ये कांदा ठेवण्याआधी धारेकडे बघायला हरकत नाही.

वांगं काळं का पडतं?

आजीची विळी मागे पडण्याचं मोठं कारण धार नव्हतंच. कारण होतं काळं पडणं. वांगं, कच्चं केळं, केळफूल लोखंडी विळीवर चिरलं की तुकडे काळे, हात काळे, पातंही काळं.

कापलेलं वांगं तसंही हवेने तपकिरी पडतं, पण लोखंड असलं की रंग गडद होतो. या भाज्यांमध्ये टॅनिनसारखे तुरट पदार्थ असतात आणि त्यांची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि लोखंड एकत्र करून काळी शाई आणि कापडाचा काळा रंग करायची जुनी रीत याच रसायनावर चालते. वांग्याच्या फोडी पाण्यात टाकण्याची सवय त्यातूनच कामाची ठरते.

आंबट पदार्थांचं वेगळं. कैरी, लिंबू, टोमॅटो, चिंच यांचं आम्ल लोखंडाला थेट खातं. कैरीच्या फोडींना लोखंडी चव येते ती त्यामुळे. पण इथेच एक उपयोगी गोष्टही घडते. कांदा, बटाटा, मांस अशा गोष्टी कापत राहिलं आणि दर वेळी पातं धुऊन लगेच पुसलं, तर काही आठवड्यांत त्यावर निळसर करडा, डागडागांचा थर बसतो. हा गंज आहे, पण चांगल्या जातीचा. लाल गंज भुसभुशीत असतो, पाणी धरून ठेवतो आणि आत खात जातो. हा काळा थर घट्ट असतो आणि पुढची क्रिया मंदावतो. थर बसलेल्या विळीवर कांदा कमी काळा पडतो, वासही कमी येतो. ज्या काळेपणाला आपण अस्वच्छ समजून चिंच आणि राखेने रोज खरवडून काढतो, तो काढला की पातं पुन्हा उघडं पडतं आणि पुन्हा भाजी काळी होते. जपानी सुरी घेणारे हाच थर मुद्दाम बसवतात आणि त्याचे फोटो टाकतात.

स्टेनलेस स्टील आलं तेच या कटकटीवर उत्तर म्हणून. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून प्रयोग करत होते. त्यातून सुमारे १३ टक्के क्रोमियमचं, न गंजणारं पोलाद हाती लागलं, आणि शेफिल्ड हे सुऱ्यांचं गाव असल्यामुळे ते लवकरच सुऱ्यांकडे वळलं. क्रोमियमचा ऑक्साइड पात्यावर डोळ्याला न दिसणारा थर धरतो आणि ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा भरून येतो. सुरुवातीला तिथल्याच सुरीवाल्यांनी या पोलादाला धार टिकत नाही म्हणून नाकं मुरडली होती. आज चांगलं स्टेनलेस त्या तक्रारीच्या फार पुढे गेलंय, स्वस्त स्टेनलेस अजूनही तिथेच आहे.

आणि हो, स्टेनलेसच्या बाबतीत चमक खरंच कामाची असते. गुळगुळीत पृष्ठभागावर मीठ, ओलावा, अन्नाचे कण अडकायला जागा कमी, म्हणून डाग आणि खड्डे कमी पडतात. तारेच्या घासणीने घासून ओरखडे काढलेली स्टेनलेस सुरी धुवायलाही अवघड होते. समुद्राकाठी राहणाऱ्यांना आणि रोज मासळी कापणाऱ्यांना हा फरक चांगला ठाऊक असेल.

छापलेलं ‘दमास्कस’

आता ऑनलाइन बाजार. तिथे फिनिश हाच माल आहे.

लाटालाटांची नक्षी असलेली ‘दमास्कस’ सुरी सगळ्यांना हवी असते. पूर्वी हे नाव ज्या तलवारींमुळे गाजलं, त्यातल्या अनेकींचं पोलाद, म्हणजे वूट्झ, दक्षिण भारतातून जायचं. आजच्या सुऱ्यांमधली नक्षी मात्र वेगळी. दोन जातींच्या पोलादाचे अनेक थर एकत्र ठोकतात आणि आम्लात बुडवून ते उठून दिसतील असं करतात. चांगल्या सुरीत हे थर फक्त बाहेरच्या बाजूला असतात. मधोमध कडक पोलादाचा एकच गाभा असतो आणि धार त्याचीच. म्हणजे खरी दमास्कस सुरीसुद्धा नक्षीमुळे कापत नाही.

खोटी तर त्याहून पुढची. साध्या स्टीलवर लेझरने किंवा आम्लाने नक्षी छापलेली असते. खऱ्या सुरीत धारेजवळ थर संपून गाभा सुरू होतो तिथे नागमोडी सीमा दिसते, आणि पाठीच्या कडेवर निरखून बघितलं तर थर तिथेही चालू असतात. छापील नक्षी दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखी असते आणि पाठीवर कोरं स्टील. बारीक पॉलिश पेपरने घासलं तर दोन्हींची नक्षी पुसट होईल. पण खरी आम्लात बुडवली की परत येते, छापलेली गेली ती गेलीच.

काळ्या रंगाचंही तसंच. काही स्वस्त सुऱ्यांवर ‘कुरोउची लुक’ म्हणून काळा लेप दिलेला असतो. भट्टीतला थर एकसारखा नसतो, त्यात चट्टे आणि छटा असतात. लेप सगळीकडे एकाच काळ्या रंगाचा असतो आणि काही महिन्यांनी कडेने सुटायला लागतो. सुटतो कुठे, तर भाजीत. रंगीत नॉन-स्टिक लेपाच्या सुऱ्या पहिले काही आठवडे चिकटपणा खरंच कमी करतात, पण त्याही खरवडल्या की मामला तिथेच येतो.

दुकानात उभं राहून करता येण्यासारखी एक साधी तपासणी आहे. खिशात छोटं चुंबक ठेवा. सुरीसाठी लागणारं कडक होणारं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं. चुंबक अजिबात धरत नसेल तर ते बहुधा डबे-पातेल्यांच्या जातीचं स्टील आहे. त्याला पाणी देऊन कडक करताच येत नाही, मग ते कितीही चमकू दे. चिकटलं म्हणून सुरी उत्तम असं नाही, पण न चिकटणारी परत ठेवायला हरकत नाही.

माळ्यावरची विळी

ती अजून असेल तर खाली काढा. लाल गंज असेल तर आधी तो काढायचा. जाड गंजाला पॉलिश पेपर, हलक्याला राख किंवा भांडी घासायची पावडर. चिंचेचं पाणी एकदाच, थोडा वेळ, आणि लगेच धुऊन कोरडं. खालचा काळा थर घट्ट असेल तर त्याला हात लावायचा नाही. खोल खड्डे पडलेत का ते धारेजवळ बघा. खड्डा धारेपर्यंत आला असेल तर तिथे धार तुटक राहील आणि पातं लोहाराकडे न्यावं लागेल. गंजलेल्या पात्याने कापलं की धनुर्वात होतो असं सर्रास म्हणतात. धनुर्वाताचे जिवाणू माती आणि शेणात असतात, गंजात जन्मत नाहीत. पण माळ्यावरच्या धुळीत काय आहे ते कुणी बघितलंय? पातं आधी साबणाने धुवा आणि कापलंच तर डॉक्टरांकडे इंजेक्शनचं विचारा.

धार लावताना विळीची एक खोड लक्षात ठेवायची. पातं आत वळलेलं असल्यामुळे सपाट मोठा दगड त्याला सगळीकडे टेकत नाही. अरुंद किंवा गोल कडेचा दगड हातात घेऊन तोच पात्यावर फिरवायचा, धारेच्या दिशेने नव्हे तर तिच्यापासून लांब, म्हणजे हात निसटला तरी बोट धारेवर जाणार नाही. दोन्ही बाजू सारख्या. टोकाच्या खवणीच्या दात्यांना दगड चालत नाही, तिथे बारीक कानस हवी, प्रत्येक दात्याच्या खाचेतून दोनदा.

पातं आणि पाट जिथे जोडलेत तिथे पाणी साठतं आणि गंज बहुतेक तिथूनच सुरू होतो, म्हणून धुतल्यावर विळी आडवी करून तो सांधा कोरड्या फडक्याने टिपायचा. रोज वापरात असेल तर एवढं पुरे. आठवडाभर बंद राहणार असेल तर तेलाचं एक बोट फिरवायचं. मात्र सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं तेल नको, ते काही दिवसांत पात्यावर चिकट होऊन बसतं. खोबरेल लावा. थंडीत ते गोठेल, पण चिकट होणार नाही.